हार्डनेस किती आला?

सिन्नरच्या पोरांच्या हाताला कामाचं वळण लवकर लागायचं. शाळा सुटली की दप्तर खुंटीला आणि बसकण आईच्या सुपाशेजारी. रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा, कात्री, तंबाखू आणि दोऱ्याची रिळं, एवढा सगळा कारखाना घरातच. आयांनी विड्या वळायच्या, पोरींनी दोरा गुंडाळायचा, धाकट्यांनी विडीचं तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलांना विडी कारखान्यात मज्जाव केला होता, पण कायदा काही कुणाच्या ओसरीवर येऊन बसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुणाला त्यात वावगंही वाटत नव्हतं. पोर घरात बसून चार पैशांचं काम करतंय, यात वाईट काय, असा सगळ्या आळीचा हिशेब.

मग मोहदरी घाट चढून आल्यावर लागणाऱ्या माळेगावच्या माळावर एमआयडीसीच्या शेड उठल्या, मुसळगावला सहकारी औद्योगिक वसाहत झाली, आणि घराघरांत सुपाशेजारी कंपनीचा डबा दिसू लागला. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. शेतीवर भागेना म्हणून विडी, विडीवर भागेना म्हणून कंपनी. मुलगा आयटीआयला गेला म्हणजे फिटर, टर्नर किंवा वेल्डर होणार, हे ठरलेलं. मुलगी दहावी झाली की तिचं काय ठरलेलं असायचं ते वेगळं सांगायला नको. तरीही नव्वदच्या आसपास आम्ही काही मुलं-मुली अशा एका कामाला लागलो, जे घरी समजावून सांगता सांगता पुरेवाट व्हायची. लॅबमध्ये अप्रेंटिस. आई विचारायची, “पण करतेस काय तिथं?” मी म्हणायची, “पाणी तपासते.” “दिवसभर?” “दिवसभर.” तिचा विश्वास बसायचा नाही. पाणी तपासायला पगारी माणूस कशाला लागतो? प्यायलं की कळतं.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यात चौदा वर्षं पुरी झालेल्या मुलाला किंवा मुलीला ठरवून दिलेल्या ट्रेडमध्ये शिकाऊ म्हणून घेता येत होतं, आणि त्या ट्रेडच्या यादीत फिटर-टर्नरच्या गर्दीत एक नाव होतं: लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट. दहावीला विज्ञान-गणित असलं की चालायचं. उमेदवार अठराच्या आतला असला तर करारावर पालकाची सही लागायची. आईनं सही गिरवून घेतली होती ती विडी कामगाराच्या ओळखपत्रासाठी. ते ओळखपत्र असलं की १९७६ च्या कल्याण निधीतून पोरांना शिष्यवृत्ती मिळायची, म्हणून. ती सही दुसऱ्यांदा उपयोगाला आली ती माझ्या करारनाम्यावर. करार कुणी वाचला नाही. वाचला असता तर त्यात हेही दिसलं असतं, की शिकणं संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही आणि ती घेण्याचं बंधन उमेदवारावर नाही. पुढं कित्येक मुलांना हे कलम शेवटच्या दिवशी कळलं.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. मधोमध फरशीचा ओटा, त्यावर लाकडी फळ्यांत रिएजंटच्या तपकिरी बाटल्या. खिडकीशी दोन पारड्यांचा केमिकल बॅलन्स, काचेच्या पेटीत बसवलेला. वजनं हातानं उचलायची नाहीत, चिमट्यानं. पेटीचं दार लावायचं, श्वास रोखायचा आणि काटा दोन्ही बाजूंना किती झुलतो ते मोजायचं. एका वजनाला पाच-सात मिनिटं. गणितं लॉग टेबलवर. कॅल्क्युलेटर होता, पण तो केमिस्ट साहेबांच्या खणात. शाळेत आम्ही चंचुपात्र, शंकुपात्र, दर्शक असं शिकून गेलेलो. इथं बीकर, कोनिकल आणि इंडिकेटर. दोन दिवसांत जिभेला वळण पडलं, त्यात काही अवघड नव्हतं. अवघड होता तो एंड पॉइंट.

पाण्याचा हार्डनेस काढायचा म्हणजे कोनिकलमध्ये मोजून सँपल घ्यायचं, अमोनियाचं बफर टाकायचं, नाकातून झिणझिण्या गेल्या की पुरेसं पडलं समजायचं. मग एरिओक्रोम ब्लॅक टी चिमूटभर. पाणी दारूसारखं लाल होतं. वरून ब्यूरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडायचा आणि खालचा हात गोल गोल हलवत ठेवायचा. लाल, लाल, जांभळट लाल, जांभळं, आणि मग एका थेंबाला निळं. तो एक थेंब आधी थांबलात तर आकडा कमी, एक पुढं गेलात तर जास्त. क्लोराईडला तर सिल्व्हर नायट्रेट. पिवळ्यात विटकरी छटा आली की थांबायचं. ते बोटांना लागलं की लगेच काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात गेल्यावर बोटं काळी पडतात आणि साबणाला दाद देत नाहीत. कातडी झडेल तेव्हाच डाग जातो. आमच्या आळीत विडीच्या तंबाखूनं पिवळी झालेली बोटं सगळ्यांची, माझी तेवढी काळी. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पण मला जे सांगायचंय ते बोटांचं नाही. ते दाराचं आहे. सकाळच्या शिफ्टला लॅबच्या दारात बॉयलरचे मामा येऊन उभे राहायचे. बॉयलर अटेंडंट, वयस्कर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कानावर पेन्सिल. आत यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच विचारायचे, “पोरी, हार्डनेस किती आला?” बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून जाऊन बॉयलरला लागायचं. सॉफ्टनरमधला रेझिन थकला की कॅल्शियम-मॅग्नेशियम पुढं सरकतात आणि बॉयलरच्या नळ्यांत खडूसारखा थर बसतो. थर बसला की कोळसा जास्त जळतो, नळी तापून फुगते, कधी फुटते. आमच्याकडे पाचची मर्यादा होती. पाचच्या आत आला की मामा मान हलवून जायचे. सहा-सात आला की तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत मिठाच्या गोणीकडे वळायचे, कारण मिठाच्या पाण्यानं धुतला की तोच रेझिन पुन्हा कामाला लागतो. सोळा वर्षांच्या पोरीनं सांगितलेल्या आकड्यावर साठीला टेकलेला माणूस मिठाची गोणी फोडतो, हे मी रोज बघत होते. माझा आकडा कुणीतरी वापरत होतं. पुढच्या सगळ्या वर्षांत मला कुणी याहून मोठा धडा दिला नाही.

त्या दिवसांचं गुणगान करताना जीभ जरा आवरावी लागते. पिपेट तोंडानं ओढायची पद्धत होती. ॲसिड असो नाहीतर अल्कली, तोंडानं. काचसामान धुवायला क्रोमिक ॲसिड: पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचं केशरी मिश्रण, उघड्या टबात. ओढण्यांना भोकं पडायची आणि ती कुठं पडली ते घरी गेल्यावर कळायचं. गॉगल एकच होता, तो तपासणीच्या दिवशी भिंतीवरून खाली यायचा. काही ठिकाणी शिकाऊ पोरं म्हणजे बाटल्या धुणारी, चहा आणणारी, स्टोअरमधून पोती मोजून आणणारी फुकट माणसं होती. माझ्याबरोबर करार झालेला एक मुलगा दुसऱ्या कंपनीत होता. शिकण्याच्या काळात त्यानं ब्यूरेट भरली ती फक्त सरकारी तपासनीस आले तेव्हा. स्टायपेंड काहीशे रुपये, तोही हातात पडायला महिना उलटायचा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही, म्हणून आम्ही दुपारनंतर पाणी प्यायचो नाही. लॅबमध्ये दिवसभर पाणी तपासायचं आणि स्वतः कोरडं राहायचं.

शिवाय वास होतेच. ॲसिडांच्या वाफा, अमोनियाचा झणका, पिरिडीनची मळमळ हे सगळं आमच्या अंगावरून गेलं. ओलावा मोजायच्या कार्ल फिशरच्या जुन्या रिएजंटमध्ये पिरिडीन असायचं. ते ज्यानं एकदा हुंगलं तो जन्मात विसरत नाही, आणि पुन्हा हुंगायचीही त्याची तयारी नसते.

आठवड्यातून एकदा थिअरीच्या वर्गासाठी बीटीआरआयला जावं लागे. आयटीआयच्या आवारातला तो वर्ग कंटाळवाणा, पंखा एक, बाकं कमी. पण तिथल्या मास्तरांनी एक गोष्ट सांगितली ती सिन्नरच्या माणसाला चटकन पटावी अशी. आपल्या काळ्या पाषाणात विहिरी खणताना, खाणी फोडताना जे पांढरे, हिरवे, काचेसारखे खडे निघतात, त्यांतले बरेच झिओलाइट. स्टिल्बाइट, स्कोलेसाइट. कॅल्शियम धरायचं आणि सोडियम सोडायचं, हा त्या घराण्याचा स्वभाव. पाणी मऊ करण्याचे जुने सॉफ्टनर झिओलाइटवर चालायचे, रेझिन नंतर आला. म्हणजे मामांच्या सॉफ्टनरचा पूर्वज आमच्याच विहिरींच्या ढिगाऱ्यात पडलेला होता. गुराखी पोरं ते खडे गोफणीत घालून भिरकावायची. पुढं नौदलातून आलेल्या के. सी. पांडे यांनी २००१ साली माळेगावच्या वसाहतीतच ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय उभं केलं. आता शाळांच्या सहली येतात, मुलं काचेपलीकडचा हिरवा अपोफिलाइट बघतात, बाई “हात लावू नका” म्हणतात. संग्रहालय बघण्यासारखंच आहे, न बघितलेल्यांनी जरूर जावं. पण तिथून हाकेच्या अंतरावरच्या कारखान्यांत त्याच गुणधर्मावर रोज पाणी मऊ होतंय, ते मात्र सहलीला दाखवत नाहीत.

कारखान्याबाहेरही असं शिकणं चालायचं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात १९८८-८९ पासून अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. लोक त्याला एमसीव्हीसीच म्हणत. त्यात मेडिकल लॅब टेक्निशियन हाही विषय होता. माझी एक मैत्रीण तो घेऊन पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायची, ऑन द जॉब ट्रेनिंगला. साहलीच्या नळीत रक्ताचा थेंब, त्यात डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, तपकिरी रंग झाला की पाणी घालत घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. रंग जुळला की हिमोग्लोबिन वाचायचं. तिची नजर इतकी बसली होती की पेशंटच्या पापणीची आतली बाजू बघूनच ती आधी आकडा सांगायची आणि मग नळी भरायची. पांढऱ्या पेशी मोजायला सूक्ष्मदर्शकाखाली न्यूबाउरची जाळी, एका हातात खटका मारायचं काउंटर. बारावीतली मुलगी, आणि तिच्या मोजणीवर डॉक्टर औषध लिहीत होते. बरोबर होतं का ते? आजच्या नियमांनी अजिबात नाही. शेजारी डॉक्टर उभे असायचे, शंका आली की स्वतः पुन्हा मोजायचे, एवढाच काय तो आधार.

गावाकडे दूध संकलन केंद्रावरही असंच. दहावी नापास झालेला पोरगा गर्बर पद्धतीनं फॅट काढायचा: दहा मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमिल अल्कोहोल, नळीला बूच, हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज. दूध घालणारी म्हातारी नळीकडे टक लावून बसायची, कारण फॅटच्या एका रेघेवर तिचा भाव ठरायचा. त्या पोराला रसायनशास्त्रात पस्तीस मार्क पडले नव्हते. नळी मात्र तो चुकवायचा नाही. चुकवून सांगतो कुणाला, म्हातारी समोरच बसलेली.

शाळेनंच हे नीट हाती घ्यावं, असा विचार एका माणसानं फार आधी केला होता. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्न तंत्रज्ञानात पीएचडी, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर नोकरी. ते सगळं सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला त्यांनी विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं: वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, आणि त्यातच माती-पाण्याची तपासणी, रक्तगट, हिमोग्लोबिन. नुसता सराव म्हणून नाही. काम गावाच्या उपयोगाचं असलं पाहिजे आणि त्याचे पैसे घेतले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. माती तपासायची तर शेतकऱ्याची, रक्तगट काढायचा तर गावकऱ्याचा. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावानं एसएससी बोर्डानं तो विषय मान्य केला आणि राज्यातल्या बऱ्याच शाळांनी घेतला. कलबाग २००३ मध्ये गेले. ज्या लिव्हरमधून ते बाहेर पडले त्या लिव्हरचा एक कारखाना आमच्या माळेगावलाही आहे. तेव्हा पाबळ सिन्नरपासून फार लांब आहे असं मानायचं कारण नाही.

आता आजचं. मी स्वतः गेली बरीच वर्षं एका लॅबची जबाबदारी सांभाळते, म्हणजे उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आहे. शिकाऊ मुलं आमच्याकडेही येतात. पोर्टलवर नोंदणी, ऑनलाइन करार, बँकेत स्टायपेंड. २०१६ पासून केंद्राची प्रोत्साहन योजना आहे, तीत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. २०१९ च्या नियमांत दहावी झालेल्याला कमीत कमी ६,००० आणि बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,००० ठरले. पैसे वेळेवर जमा होतात. गॉगल, हातमोजे, ॲप्रन पहिल्या दिवशी मिळतात. तोंडानं पिपेट ओढताना कुणी दिसलं तर मी त्याला लॅबबाहेर काढीन. क्रोमिक ॲसिडचा टब कधीच गेला. माझ्याकडे येणाऱ्यांत आता मुलीच जास्त, आणि त्या दुपारनंतरही पाणी पितात. हे सगळं चांगलं झालं. जुन्या दिवसांसाठी यातलं काहीही परत द्यायची माझी तयारी नाही.

फक्त सोळा वर्षांचं कुणी येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडला किमान वय अठरा झालं. २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला आणि चौदा ते अठराच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांत घ्यायला बंदी आली. दोन्ही बदल योग्य. आमची भोकं पडलेली ओढणी कायदा करणाऱ्यांनी पाहिली असती तर ते वीस वर्षं आधीच झाले असते. पण त्यामुळे अकरावी-बारावीचं पोर कंपनीत येतं ते ‘इंडस्ट्री व्हिजिट’ला. बस येते, सगळ्यांना डोक्यावर टोप्या, पिवळ्या पट्ट्यांमधून चालायचं, काचेतून बघायचं, शेवटी बिस्किटं आणि ग्रुप फोटो. एकदा अशाच एका मुलानं काचेतून एचपीएलसीकडे बोट दाखवून मला विचारलं, “मॅडम, हे फ्रिज आहे का?” त्याच्या सरांना लाज वाटली. मला नाही वाटली. बाहेरून तसंच दिसतं ते.

आणि अठरा पूर्ण करून जी येतात, त्यांचं तरी काय? औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये आता कागदाला काचेइतकंच महत्त्व आहे. माळेगावला ग्लेनमार्कसारख्यांची संशोधन केंद्रं आली, परदेशी तपासनीस यायला लागले, आणि जे लिहिलं नाही ते केलं नाही हा दंडक झाला. कुणी, केव्हा, कुठल्या यंत्रावर, कुठल्या बाटलीतलं, सगळं नोंदलेलं हवं. खोडता येत नाही, आणि बदललं तर यंत्र स्वतःच चुगली करतं. अशा ठिकाणी शिकाऊ मुलाला खऱ्या सँपलला हात लावू देत नाहीत. आधी त्याला एसओपी वाचायला देतात. इंग्रजी, पानंच्या पानं, शेवटी ‘वाचले व समजले’ची सही. मराठी माध्यमातून आलेली पोरगी सही करते आणि मधल्या सुट्टीत मला हळूच विचारते, “मॅडम, ‘ॲलिक्वॉट’ म्हणजे हो काय?” मग तिला सरावासाठी सँपल मिळतं, आधीच तपासून झालेलं. उत्तर आमच्या फायलीत आहे. तिचं उत्तर त्याच्याशी जुळलं की ती पास.

पद्धत बरोबर आहे. औषध आहे ते, कुणाच्या पोटात जाणार आहे. शिकाऊ हाताच्या आकड्यावर बॅच सोडा असं मी म्हणणारच नाही. पण त्या मुलीला पक्कं ठाऊक असतं की तिच्या आकड्याची वाट बघत दारात कुणीही उभं नाही. ती नीट करते, कारण ती गुणी आहे. पण तिची मान त्या एका थेंबासाठी पुढं झुकत नाही, आणि मला ते ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. ऑटोटायट्रेटर स्वतःच थांबतो आणि स्वतःच छापतो. तिनं बटण दाबायचं, कागद चिकटवायचा. सहा महिन्यांनी तिच्याकडे दाखला असतो. रंग बदलताना तिनं किती वेळा पाहिला, ते दाखल्यात नसतं.

यावर “आताच्या पोरांना मोबाइलशिवाय काही नको” असं म्हणणारे आमच्या कँटीनमध्ये पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मागं एकदा शॉर्ट सर्किट होऊन यंत्रं बंद होती आणि ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राच्या, पाण्याचा सीओडी त्याच दिवशी काढायचा होता. जुनं रिफ्लक्सचं सामान कपाटातून काढलं. डायक्रोमेट, सल्फ्युरिक, दोन तास उकळायचं, थंड करून फेरॉइन टाकायचं, हिरव्या-निळ्यातून एकदम तांबूस तपकिरी. आमच्या दोन शिकाऊ पोरी सुट्टीची बस सोडून थांबल्या. गॉगल, हातमोजे, सगळं अंगावर. ईटीपीचा ऑपरेटर खालून दर वीस मिनिटांनी फोन करत होता, कारण २५० च्या आत आल्याशिवाय त्याला पाणी सोडता येत नव्हतं. आकडा आला, त्या दोघींनी स्वतः त्याला फोनवर सांगितला, आणि त्यानं पंप चालू केला तो आवाज वर लॅबपर्यंत आला. त्या दिवशी त्यांच्या मोबाइलची रिंग वाजत होती, कुणी उचलला नाही.

तेव्हा दोष पोरांचा नाही, यंत्राचाही नाही. पूर्वी कामाची गरज होती म्हणून पोरांना खरं काम मिळायचं. त्यांनी शिकावं हा कुणाचा हेतू होता असं समजू नका, आमच्या केमिस्ट साहेबांना माणूस हवा होता, बस्स. आता गरज यंत्र भागवतं, म्हणून खरं काम मुद्दाम बाजूला काढून ठेवावं लागेल, आणि ते काढून ठेवण्याची जागा कुठल्याही पोर्टलवर नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, स्थानिक कारागिरांकडे शिकायला. कागद चांगला आहे. पण दहा दिवस मूल बघत बसलं तर ते दप्तर घेऊन बसल्यासारखंच.

आणि सगळंच काम धोक्याचं असतं असं नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट देऊन शिकवलं. आमच्या तालुक्यात विहिरीच्या काठावर बसून एखादी वहिनी क्लोरीन आणि नायट्रेट बघते, तेव्हा तिला कुणी धोकादायक उद्योग म्हणत नाही. पिण्याच्या पाण्याचा पीएच, हार्डनेस, क्लोराईड, मातीचा सामू, दुधाचा लॅक्टोमीटर, कँटीनच्या टाकीतला उरलेला क्लोरीन: शाळेच्या वयाच्या मुलाला कायदा आणि अक्कल दोन्ही सांभाळून देता येईल असं काम प्रत्येक वसाहतीत पडलेलं आहे. नगरपालिकेकडे आहे, दूध डेअरीत आहे, शेतकऱ्यांच्या कंपन्यांकडे आहे. आज ते बाहेरच्या लॅबला पाठवतात आणि आठ दिवसांनी पीडीएफ येते.

माळेगाव आणि मुसळगावच्या मालकांना, एचआरच्या मंडळींना, म्हणून माझं सांगणं एवढंच. जवळच्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांना फोन करा आणि अकरावीची दोन मुलं मागा. त्यांच्यासाठी ॲसिडपासून लांबचा एक ओटा मोकळा करा, एक साधी ब्यूरेट लावा, आणि तुमच्यातला एक जुना माणूस आठवड्यातून दोन तास त्यांच्याजवळ उभा करा. त्या दोन तासांत त्याला दुसरा फोन येऊ देऊ नका. त्यांना तुमच्या कँटीनचं पाणी तपासायला सांगा, आणि आलेला आकडा सूचना फलकावर त्यांच्या नावानिशी लावा. जास्त आला तर टाकी धुवा. नाही धुतलीत, तर पुढच्या आठवड्यात त्या मुलांना बोलावू नका.